गिझेलाबाईंनी दिलेली खबर

दीक्षा मेश्रामला जर्मन येतं हे नागपुरात फारसं कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठाऊक होतं ते नर्सिंग झालेल्या मुलींना. धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत तिचा क्लास चालायचा. भिवापूर, उमरेड, भंडाऱ्याकडच्या मुली तिथे बसून 'तुम्हाला कुठे दुखतंय' आणि 'दीर्घ श्वास घ्या' ही वाक्यं जर्मनमध्ये घोकायच्या, परीक्षा पास झाल्या की तिकडच्या दवाखान्यांत निघून जायच्या. दीक्षा स्वतः तीन वर्षं लाइपझिगला राहून आली होती. आधी एका घरी मुलं सांभाळायला म्हणून, मग विद्यापीठात. आई गेली, वडील एकटे पडले, तेव्हा परत आली. आता चौतिशीत पोचली होती. क्लास बरा चालत होता, पण भाड्याच्या खोलीत फळ्यासमोर उभं राहून आयुष्य काढायचं का, हा विचार अलीकडे वरचेवर यायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मधुसूदन काळीकर जिना चढून वर आले. 'सूरवेल' नावाच्या संगीत मंडळाचे ते सचिव. क्लासातल्या एका मुलीच्या मामांनी त्यांना दीक्षाचं नाव सुचवलं होतं.

"जर्मनीहून एक गायिका येताहेत," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, अजून गातात. पुण्यात कार्यक्रम आहे, तिथून दोन दिवस आपल्याकडे. इंग्रजी जेमतेम. गाण्यांच्या मधे मधे बोलतात म्हणे. ते तुम्ही मराठीतून सांगायचं."

दीक्षा लगेच हो म्हणाली. मग काळीकरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"आमचे अध्यक्ष येणार आहेत. एका कॉलेजचेही ट्रस्टी आहेत ते. तिथे येत्या जूनपासून परकीय भाषांचा विभाग उघडायचं चाललंय. तुमचं नाव मी त्यांच्या कानावर घातलंय. ते तुम्हाला स्टेजवर पाहतील, ऐकतील. समजलं ना? आणि एक सांगतो, या बाई कॅबरेवाल्या आहेत. काही भलतंसलतं बोलल्या तर जरा सांभाळून घ्या. सगळे घरचे लोक घेऊन येतात आपल्याकडे."

कॅबरे म्हणजे तिकडे टेबलांच्या मधे उभं राहून गाणं, लोकांशी बोलणं, सरकारला चिमटे काढणं, हे दीक्षाने समजावून सांगितलं. काळीकरांनी मान डोलावली आणि निमंत्रणपत्रिकेवर 'जर्मन सुगम संगीत' असं छापलं. दीक्षाने ते पाहिलं, हसली आणि सोडून दिलं.

गिझेला टोरमान उंच होत्या, पण पाठीतून वाकलेल्या. एक गुडघा वळत नव्हता म्हणून हातात काठी. ओठांना गडद लाल रंग. विमानतळावर दीक्षाने जर्मनमध्ये स्वागत केलं तसा त्यांचा चेहरा खुलला. "पुण्यात तीन दिवस मी मुकी होते," त्या म्हणाल्या. "फक्त गायले. हसले. पुन्हा गायले."

तालमीला पियानोवर पियूष होता, एका शाळेत संगीत शिकवणारा तरुण शिक्षक. बाईंनी त्याला पहिल्याच गाण्यात थांबवलं. "याचा डावा हात झोपलाय. सांग त्याला, ठोक्याच्या किंचित मागे राहायचं. पण उशीर झालाय असं कुणाला वाटता कामा नये. स्विंग म्हणजे एवढंच." पियूषला ते तिसऱ्या वेळी जमलं आणि बाईंनी काठी जमिनीवर दोनदा आपटून दाद दिली.

तालमीनंतर हॉटेलच्या लॉबीत चहा घेताना त्या आपलं आयुष्य सांगत बसल्या. लाइपझिगजवळच्या, पुढे कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत गेलेल्या एका गावात, दुसरं महायुद्ध संपल्याच्या पुढच्या वर्षी जन्म. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात. वडील आघाडीवरून आलेच नाहीत, असं आई सांगायची. बाईंच्या जन्माच्या तारखेशी ते जुळायचं नाही, पण विचारायची सोय नव्हती. रात्री रजई डोक्यावर घेऊन त्या पलीकडच्या देशांचा रेडिओ ऐकायच्या आणि समजत नसलेले इंग्रजी शब्द तसेच तोंडपाठ करायच्या. एकोणिसाव्या वर्षी नाचाच्या ऑर्केस्ट्रात लागल्या. अमेरिकन गाणी किती आणि आपली किती गायची, याचं सरकारी प्रमाण ठरलेलं होतं. मग योखेन भेटला. पियानो वाजवणारा, काटकुळा, सतत सर्दी झालेला. दोघांनी मिळून एका तळघरात कॅबरे सुरू केलं. चाळीस खुर्च्या, त्यातल्या दोन नेहमी गुप्त पोलिसांच्या. तरी लोक महिना-महिना आधी जागा सांगून ठेवायचे.

"आणि मग?" दीक्षाने विचारलं. "त्र्याऐंशीनंतर तुमच्या रेकॉर्ड बाहेरच्या देशांत निघाल्या, असं मी वाचलं."

बाईंनी कप खाली ठेवला. "ते उद्या स्टेजवर. शेवटच्या गाण्याआधी मी थोडं जास्त बोलते. तू फक्त माझ्याबरोबर राहा."

काय बोलणार ते दीक्षाने विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे तिला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिव्हिल लाइन्समधलं सभागृह भरलं. चारशेच्या आसपास माणसं. तिसऱ्या रांगेत दीक्षाचे वडील नागसेन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पहिल्या रांगेत काळीकर, त्यांच्या शेजारी अध्यक्ष, अध्यक्षांची बायको आणि सून.

सुरुवात फार छान झाली. बाई एक-दोन वाक्यं बोलायच्या, थांबायच्या. दीक्षा मराठीत सांगायची आणि लोक हसायचे. "माझ्या पहिल्या नवऱ्याला दोन गोष्टी कळायच्या नाहीत, एक ताल आणि दुसरी घरी यायची वेळ," हे वाक्य तिने असं टाकलं की अध्यक्ष मान मागे टाकून हसले. दीक्षाला आपला आवाज आवडायला लागला. इतक्या लोकांना एका बाईचं बोलणं आपल्यामुळे पोचतंय, याचं तिला सुख वाटत होतं.

शेवटच्या गाण्याआधी बाईंनी काठी पियानोला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात मोकळे सोडून उभ्या राहिल्या.

"हे गाणं योखेन आणि मी बारा वर्षं एकत्र केलं," त्या म्हणाल्या. दीक्षाने सांगितलं.

"मी श्वास कुठे घेणार ते माझ्याआधी त्याला कळायचं." दीक्षाने सांगितलं.

"त्र्याऐंशी साली त्यानं देश सोडून पळून जायचं ठरवलं. मला विश्वासानं सांगितलं." दीक्षाने तेही सांगितलं. सभागृह शांत झालं होतं.

"आणि मी त्याची खबर दिली. गुप्त पोलिसांना."

बाई थांबल्या. दीक्षाला प्रत्येक शब्द समजला होता. भाषेचा प्रश्नच नव्हता. तिची नजर पहिल्या रांगेकडे गेली. अध्यक्ष मान तिरकी करून, कौतुकाने तिच्याकडेच पाहत होते. त्यांच्या सुनेने डोळ्यांच्या कडा टिपायला रुमाल काढून ठेवला होता. काळीकरांनी हाताचा तळवा किंचित खाली दाबला, सावकाश, सांभाळून, अशा अर्थाने. कदाचित त्यांनी तसं काही केलंही नसेल. नुसता हात गुडघ्यावर ठेवला असेल.

"मी," दीक्षा माइकमध्ये म्हणाली. "मला... मला पुढे त्याची खबरच मिळाली नाही."

सभागृहातून एक हळहळ उमटली. बाईंना ती ऐकू गेली. त्यांनी मान हलवली आणि पुढे बोलत राहिल्या. आता त्या थांबत नव्हत्या. योखेन दोन वर्षं तुरुंगात होता. तिथे थंडीत उघड्या हातांनी पत्रे कापायचं काम होतं. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं पूर्ण वळत नव्हती, पियानोला त्याने पुन्हा हात लावला नाही. ज्या आठवड्यात त्याला उचललं त्याच आठवड्यात त्या दुसऱ्या पियानोवाल्याबरोबर हेच गाणं गायल्या. त्यांना बाहेरच्या देशांत गायला जायची परवानगी हवी होती, ती मिळाली. पुढे बर्लिनची भिंत पडली, पोलिसांच्या फायली उघडल्या, सगळं छापून आलं. तोवर योखेन वारलेला होता. "मला तुमच्याकडून क्षमा नको," बाई शेवटी म्हणाल्या. "फक्त माहीत नसताना तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवू नयेत, एवढंच."

परत फिरायला अजून वाव होता. एक वाक्य पुरलं असतं. पण पहिलं वाक्य तिच्या तोंडून गेलेलं होतं आणि त्याच्या मागे दुसरं आपोआप येऊन उभं राहिलं.

"तो सीमेपलीकडे गेला," ती म्हणाली. "निरोपसुद्धा घेता आला नाही. त्याच्यानंतर गाणं सोपं राहिलं नाही. आजचं हे गाणं त्याच्या आठवणीत."

बाई गायल्या. आवाज जागोजागी फाटत होता आणि त्या तो तसाच फाटू देत होत्या. पियूषचा डावा हात त्या दिवशी जागा होता. गाणं संपलं आणि आधी सुनेने, मग अध्यक्षांनी, मग रांगेमागून रांग उठून चारशे माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. गिझेलाबाई दोन्ही हात तोंडावर धरून त्यांच्याकडे बघत होत्या. ओठांचा रंग तळव्याला लागला होता.

पडद्यामागे त्यांनी दीक्षाचा दंड घट्ट धरला. "ते उभे राहिले," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मी हे सांगते तेव्हासुद्धा लोक उभे राहतात, पण दाराकडे जायला. चौदा वर्षं हेच चाललंय. हे लोक उभे राहिले, दीक्षा."

दीक्षा हसली. तेवढ्यात काळीकर आले, म्हणाले, "वा, मॅडम! काय सांगितलंत! अध्यक्ष खूश आहेत. सोमवारी फोन येईल तुम्हाला."

सकाळी चहाच्या वेळी वडिलांनी विषय काढला. नागसेन मेश्राम एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदारांचे जबाब उतरवून घेण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"ती बाई आखरीले लय वेळ बोलली," ते म्हणाले. "तू दोन-चार वाक्यांत आटपलं."

"जर्मनमध्ये शब्द जास्त लागतात, बाबा."

"असं का? मग पहिल्या गाण्याच्या वेळेस तर तुलेच जास्त लागून राहिले होते."

दीक्षा बशीतला बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत राहिली.

"मले जर्मन येत नाही, पोरी. पण लिहिणाऱ्याचा हात कुठं अडकते ते मले समजते. टाळ्या वाजून राहिल्या होत्या तेव्हा सारे त्या बाईकडं पाहत होते. तू खाली काहून पाहून राहिली होती?"

तिला एकदम रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. "उशीर होतोय, हॉटेलवर जायचंय," असं म्हणून ती उठली. वडिलांनी पुन्हा विचारलं नाही. कप उचलून ते स्वतःच विसळायला गेले.

हॉटेलवर गिझेलाबाई तयार होऊन बसल्या होत्या. बॅग बांधलेली. विमान दुपारी तीनचं. टेबलावर एक बंद पाकीट होतं, जाडसर, त्यावर मोठ्या वाकड्या अक्षरात पत्ता.

"योखेनची मुलगी आहे, काट्रिन," त्या म्हणाल्या. "तो गेला तेव्हा मी तिला दोन ओळी पाठवल्या होत्या. तिनं पाकीट न फोडता परत पाठवलं. त्यानंतर माझी कधी हिंमत झाली नाही. आज पहाटे उठून लिहिलं. सगळं लिहिलं, पहिल्यांदा. आणि हेही लिहिलं, की एका गावात, जिथे मला कुणी ओळखत नाही, चारशे लोकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. म्हणून तुझ्यासमोर यायचं धाडस करतेय." त्यांनी पाकीट पुढे केलं. "इथूनच टाक. इथला शिक्का असू दे त्यावर."

ती वेळ होती बोलायची. खोलीत दोघीच होत्या. दीक्षाने पाकीट घेतलं. "टाकते," म्हणाली. आणि बाहेर पडली.

जीपीओच्या काउंटरसमोर चार माणसं होती. दीक्षा रांगेत उभी राहिली. तिला वाटत होतं, पत्र टाकलं की संपलं. बाई विमानात बसतील, पुन्हा कधी नागपूरला येणार नाहीत. खोटं बोलून एका म्हाताऱ्या बाईला थोडं समाधान मिळालं असेल तर कुणाचं काय बिघडलं? पण मग तिला ती काट्रिन दिसायला लागली. कुठल्याशा स्वयंपाकघरात उभी राहून पाकीट फोडणारी, आपल्या बापाबद्दलचा सगळा मजकूर पहिल्यांदा वाचणारी, आणि त्यात शेवटी दीक्षा मेश्रामने नागपुरात रचलेलं एक वाक्य. बापाचं तुरुंगातलं आयुष्य आणि त्याला चिकटवलेल्या खोट्या टाळ्या.

काउंटरवरच्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. "परदेशात ना? रजिस्टर करायचं का?"

"नाही," दीक्षा म्हणाली. "परत द्या. चुकलंय."

"पत्ता चुकला का?"

"नाही. पत्ता बरोबर आहे."

ती विमानतळावर पोचली तेव्हा काळीकरांची गाडी नुकतीच बाईंना सोडून पार्किंगकडे गेली होती. बाई दाराबाहेरच्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. दीक्षाला पाहून त्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाकडे बघवेना म्हणून दीक्षा बसलीही नाही. उभ्याउभ्याच बोलली.

"फ्राउ टोरमान, काल मी तुमचं बोलणं सांगितलं नाही. मी दुसरंच सांगितलं."

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"काय सांगितलंस? तू बोललीस ते जसंच्या तसं सांग मला."

आपली वाक्यं दीक्षाला पाठ होती. ती रात्रभर तीच घोळवत होती. तिने ती जर्मनमध्ये म्हणून दाखवली. मला पुढे त्याची खबरच मिळाली नाही. तो सीमेपलीकडे गेला. निरोपसुद्धा घेता आला नाही.

गिझेलाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. आसपास ट्रॉल्यांचा खडखडाट चालला होता. कुणाचं तरी लहान मूल विमान, विमान असं ओरडत होतं.

"हे माझंच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुला माहीत नाही, कसं माहीत असणार. त्याला पकडून नेलं त्यानंतर सहा वर्षं मी स्टेजवरून हेच सांगत होते. योखेन आपल्याला सोडून गेला, निरोपसुद्धा न घेता. मग हेच गाणं. लोक तेव्हाही उभे राहायचे." त्यांनी डोळे उघडले. "तुला हे कुणी सांगायला लावलं?"

"कुणी नाही. पहिल्या रांगेत एक जण होते. त्यांच्या हातात माझी नोकरी होती. पण त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं."

"मलाही कुणी पिस्तूल दाखवलं नव्हतं."

"म्हणजे आपण दोघी..."

"नाही," बाई एकदम कडक आवाजात म्हणाल्या. "तेवढं नको. तुझ्यामुळे कुणाची बोटं गेलेली नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसू नकोस. तिथे जागा नाही." मग आवाज खाली आला. "पण कालच्यासारखी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. ती तू मला द्यायला नको होतीस."

दीक्षाने माफी मागितली. जर्मनमध्ये माफीचे जेवढे शब्द तिला येत होते तेवढे सगळे वापरले. बाई ऐकत होत्या की नाही कुणास ठाऊक. त्यांनी पाकीट मागून घेतलं, नखाने फोडलं, शेवटचं पान काढलं आणि पर्समधल्या पेनाने खालचा एक सबंध परिच्छेद खोडला. पुन्हा पुन्हा गिरवून, कागद फाटेपर्यंत. मग पानं पर्समध्ये टाकली, काठीवर भार देऊन उठल्या आणि दाराकडे निघाल्या. हात मिळवला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही.

काळीकर धापा टाकत आले. "गेल्या का बाई? रडत होत्या का हो?"

"हो," दीक्षा म्हणाली. त्या रडत नव्हत्या. तिच्या लक्षात आलं की आत्ता, या क्षणीसुद्धा, आपल्या तोंडून सोयीचंच निघालं. "नाही," ती म्हणाली. "रडत नव्हत्या. माझ्यावर रागावल्या होत्या." काळीकर घड्याळ बघत होते.

सोमवारी अध्यक्षांच्या ऑफिसातून फोन आला. त्यांनी कागदपत्रं मागवली होती. त्याच आठवड्यात काळीकरांनी कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. मंडळाच्या चॅनलवर टाकायचा होता, बाईंच्या बोलण्याखाली मराठी ओळी हव्या होत्या. "तुम्ही स्टेजवर बोललात त्याच टाका, सुंदर होत्या," असा निरोप होता.

चार दिवस दीक्षाने ती फाइल उघडली नाही. पाचव्या दिवशी मुली गेल्यावर क्लासातच बसून तिने बाईंचं बोलणं शब्दशः उतरवलं. तो पत्रे कापायचा मजकूर, ती परवानगी, शेवटचं टाळ्यांचं वाक्य. जिथे तिचा स्वतःचा आवाज येत होता तिथे खाली तिने लिहिलं, 'या ठिकाणी दुभाषी दीक्षा मेश्राम यांनी सभागृहाला चुकीचं सांगितलं. गायिकेचं मूळ बोलणं वर दिलं आहे.' स्वतःचं नाव टाईप करताना तिने ते तीनदा पुसलं. मग ठेवलं, आणि फाइल पाठवून दिली.

व्हिडिओ चढवणाऱ्या माणसाने काही वाचलं नाही. दोन दिवस तो चॅनलवर होता. तिसऱ्या दिवशी काळीकरांचा फोन आला.

"हे काय करून ठेवलंत? अध्यक्षांच्या घरी सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्या सूनबाई म्हणताहेत, आम्ही एका खबरी बाईसाठी उभे राहिलो का? मी काय उत्तर देऊ?"

"चूक माझी होती. तसंच सांगा."

"चूक झाली तर गप्प बसायचं असतं, मॅडम. चारशे लोकांना कोणी सांगून येतं का, की तुम्हाला फसवलं म्हणून?"

व्हिडिओ काढून टाकला गेला. कॉलेजकडून पुढे काही आलं नाही. जूनमध्ये विभाग सुरू झाला, दुसरं कुणीतरी रुजू झालं. दीक्षाने वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिहून दिलं ते बरं केलं. पण त्याच वेळी बोलली असती तर लिहावं लागलं नसतं." तिला वाटलं होतं, बाबा पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी तो फिरवला नाही, आणि त्यांचं काही चुकलंही नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी बाईंची एक मेल आली. तीन ओळींची. पत्र टाकलं आहे. उत्तर नाही, पण या वेळी पाकीट परतही आलं नाही. रोस्टॉकला कार्यक्रम झाला, अकरा जण मधेच उठून गेले, बाकीचे बसून राहिले. खाली फक्त सही. दीक्षाने उत्तर लिहायला घेतलं, प्रत्येक वेळी ते क्षमेपाशी येऊन थांबायचं, आणि क्षमा मागून झालेली होती.

ऑगस्टमध्ये वडिलांच्या डोळ्यांची तपासणी होती. धंतोलीतल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात दोघं बाकावर बसली होती. नर्सने वडिलांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना मिटून बसायला सांगितलं होतं. समोरच्या बाकावरून एक वयस्क बाई उठून आल्या. सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी.

"तुम्ही त्या जर्मन गाण्याच्या वेळी बोलत होता ना? मी चारुलता देशपांडे. शाळेत संगीत शिकवायचे. पाचव्या रांगेत होते त्या दिवशी."

दीक्षा उठून उभी राहिली. पुढे काय येणार ते तिला कळलं होतं.

"नातीनं मला तो व्हिडिओ दाखवला होता, काढून टाकायच्या आधी. वाचलं मी." बाई हळू बोलत होत्या, भांडायला आल्या नव्हत्या. "मी उभी राहिले होते हो. मला सहसा उठवत नाही, गुडघे धरतात. तरी उठले. तेव्हापासून मनात घोळतंय. खरं ऐकलं असतं तर मी उभी राहिले असते का?"

"मला माफ करा," दीक्षा म्हणाली.

"तसं नाही म्हणत मी. कदाचित नसते राहिले. कदाचित बसूनच ऐकलं असतं, आणि घरी जाऊन रडले असते. किंवा राहिलेही असते. मलाच माहीत नाही. तेच म्हणतेय मी. ते माझं मला ठरवायचं होतं. तुम्ही आम्हाला एवढं लहान काहून समजलात?"

दीक्षाने आजवर गिझेलाबाईंचा विचार केला होता, काट्रिनचा केला होता, स्वतःचा तर पुष्कळच केला होता. अंधारात बसलेल्या त्या चारशे माणसांचा तिने एकदाही केला नव्हता. त्यांना खरं झेपणार नाही हे तिने एका क्षणात, त्यांच्या वतीने ठरवून टाकलं होतं.

आतून चारुलताबाईंचं नाव पुकारलं गेलं. "येते," म्हणत त्यांनी पिशवी सावरली आणि भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत आत गेल्या.

"कोण होतं वं?" वडिलांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"कार्यक्रमाला होत्या," दीक्षा म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. तिचे कान आणि मान तापली होती. बाबांच्या डोळ्यांत औषध होतं, त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, याचं तिला त्या वेळी बरंच वाटलं.